पायरी सर्वांची

आपले वळसंग गाव सपाटीवर आहे. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना दोन्ही बाजूंना शेते दिसतात. डोंगर दिसत नाही. मग कोणी विचारील, “आपल्याला पायऱ्यांचं काय एवढं? पायऱ्या डोंगरावरच्या लोकांना.”

पण जरा आठवून बघा. सकाळपासून आपण किती पायऱ्या चढतो आणि उतरतो? घराच्या ओट्याची पायरी. देवळाची पायरी. शाळेची पायरी. जुन्या बारवेत उतरायच्या पायऱ्या. बाजाराला गेलो तर एस. टी. ची पायरी. आणि वर्षाकाठी तुळजापूरला किंवा पंढरपूरला गेलो, तर तिथल्या पायऱ्या तर मोजतासुद्धा येत नाहीत.

घरातली पायरी मोडली तर आपण ती नीट करतो. ती आपली असते. पण रस्त्यावरची, घाटावरची, डोंगरावरची पायरी मोडली तर? “ती काय माझी आहे?” असे म्हणून जो तो तिला वळसा घालून जातो. मग एक दिवस कोणाची तरी आई तिच्यावरून पडते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरूण धरतो. पुष्कळदा तो पुन्हा उठत नाही. एका मोडक्या दगडाची एवढी किंमत पडते.

म्हणून आज पायरीची माहिती करून घेऊ.

पायरी हाच रस्ता

तुळजापूर आपल्याला जवळचे. बालाघाटच्या डोंगरात ते वसले आहे. इतर ठिकाणी देवाला जायला डोंगर चढावा लागतो. तुळजाभवानीला मात्र पायऱ्या उतरून जावे लागते. मंदिर उताराच्या पोटात आहे. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ पायऱ्यांच्या वाटेवरच लागतात. तिथे पायरी बिघडली तर दर्शनच अडते.

पुण्याला पर्वतीची टेकडी आहे. तिच्यावर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देऊळ बांधले. वर जायला १०३ पायऱ्या आहेत. आजही पहाटे शेकडो माणसे त्या चढतात. कोणी देवाला, कोणी व्यायामाला.

नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीचा गड आहे. तिथल्या पायऱ्या अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या. त्या सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. २०१८ पासून तिथे वर जायला ट्रॉली सुरू झाली. तरीही पायऱ्या आहेतच, आणि त्या चढणारे लोकही आहेत.

जेजुरीच्या खंडोबाला नवलाख पायऱ्या आहेत असे म्हणायची रीत आहे. चढताना मोजल्या तर काहीशेच भरतात. पण घाम नवलाखांचा येतो!

ही झाली देवाची ठिकाणे. आता शहराकडे पाहू. सोलापूर भागातले कितीतरी लोक पोटासाठी मुंबईला गेले. घाटकोपर, भांडुप अशा भागांत टेकडीच्या उतारावर दाट वस्त्या आहेत. तिथे घरापर्यंत गाडी जात नाही. रस्ता म्हणजे पायऱ्याच. पाण्याचा हंडा पायऱ्यांवरून येतो. गॅसची टाकी पायऱ्यांवरून येते. आजारी माणसाला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरूनच खाली आणतात. तिथे एक पायरी निखळली तर आख्ख्या वस्तीचा रस्ता तुटतो.

दूर अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचे शहर आहे. ते पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. कारखाने खाली नदीकाठी, आणि कामगारांची घरे वर डोंगरावर. कामगार पायऱ्यांनी खाली यायचे आणि पायऱ्यांनीच घरी जायचे. त्या शहरात आजही सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. त्यातले कितीतरी जिने शहराच्या नकाशात रस्ता म्हणूनच दाखवलेले आहेत. म्हणजे त्यांची डागडुजी करणे हे रस्त्याच्या डागडुजीसारखेच शहराचे काम ठरते. हा विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यावरून लोक रोज चालतात, तो रस्ता. मग तो सपाट असो की पायऱ्यांचा.

चांगली पायरी कशी ओळखावी?

चांगला गवंडी पायरी बांधताना दोन मापे बघतो. एक उंची, म्हणजे पाय किती वर उचलावा लागतो ते. दुसरे रुंदी, म्हणजे पाय टेकायला किती जागा मिळते ते.

यासाठी एक सोपा हिशेब आहे. उंची दोनदा घ्या आणि रुंदी एकदा घ्या. बेरीज दोन फुटांच्या आसपास आली पाहिजे. समजा, उंची ६ इंच आहे. दोनदा घेतली की १२ इंच झाले. रुंदी १२ इंच. बेरीज झाली २४ इंच, म्हणजे दोन फूट. अशी पायरी म्हाताऱ्या माणसालाही चढवते. माणसाचे पाऊल साधारण तेवढेच पडते, म्हणून हे माप.

दुसरी गोष्ट. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. आपण पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोनतीन पायऱ्यांत पायाला माप कळते. पुढे पाय आपोआप पडतो. मध्येच एखादी पायरी बोटभर उंच किंवा खाली असली, तर पाय फसतो आणि माणूस तोंडावर आपटतो. चढताना पडलो तर हात पुढे टेकता येतात. उतरताना पडलो तर थेट खालीच जातो. म्हणून उतरणे जास्त जोखमीचे.

तिसरी गोष्ट. दहाबारा पायऱ्यांनंतर एक सपाट टप्पा हवा. तिथे दम खाता येतो. डोक्यावरचे ओझे खाली ठेवता येते. आणि कोणी घसरलाच तर तो टप्प्यावर अडतो, तळापर्यंत गडगडत जात नाही.

आता एक हिशेब करून बघा. टेकडी ३० फूट उंच आहे. पायरी ६ इंचाची. तर एकंदर पायऱ्या किती? एका फुटाला दोन पायऱ्या, म्हणून ६० पायऱ्या. बारा पायऱ्यांचा एक जिना धरला तर पाच जिने झाले. पाच जिन्यांच्या मध्ये टप्पे चार आले. बघा, टेकडीचा जिना आपण पाटीवरच बांधला!

चौथी गोष्ट म्हणजे कठडा. हाताला धरायला काहीतरी हवेच. ज्याला कमी दिसते, ज्याचे गुडघे दुखतात, जी बाई पोटुशी आहे, तिला कठडा म्हणजे दुसऱ्या माणसाचा हात.

पायरीचा शत्रू कोण?

“इतकी माणसं चालतात म्हणून पायऱ्या झिजतात,” असे आपल्याला वाटते. ते खरे आहे, पण थोडेच. आपल्याकडचा काळा दगड फार टणक. त्याला झिजायला पिढ्या लागतात. पायरीचा खरा शत्रू म्हणजे पाणी.

पाणी काय करते ते बघा. दोन दगडांमध्ये फट असते. तिला दरज म्हणतात. दरजेत चुना किंवा सिमेंट भरलेले असते. ते थोडे निघाले की पावसाचे पाणी आत शिरते. आत गेलेले पाणी दगडाखालची माती हळूहळू वाहून नेते. वरून पायरी धडधाकट दिसते, पण खाली पोकळ झालेली असते. मग ती डुगडुगायला लागते. डुगडुगणारी पायरी शेजारच्या पायरीला हलवते. एका पावसाळ्यात एक निखळते, पुढच्या पावसाळ्यात चार.

म्हणून पायरीला पुढच्या बाजूला किंचित ढाळ देतात. पाणी तिच्यावर साठू नये, वाहून जावे. आणि जिन्याच्या कडेने गटार ठेवतात. गटार तुंबले की सगळे पाणी पायऱ्यांवरून धावते. म्हणजे जिन्याचा ओढा होतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. आपली काळी माती. ती भिजली की फुगते. वाळली की तिला भेगा पडतात. अशा मातीवर सरळ पायऱ्या बांधल्या, तर पावसाळ्यात त्या उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात खचतात. दोनच वर्षांत त्यांना तडे जातात. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे, आणि मगच पाया भरावा. गावातले जुने गवंडी हे जाणतात. पण घाईच्या कामात ते राहून जाते.

पाण्याचे दोन सोबती आहेत. एक शेवाळ. सावलीतल्या पायरीवर ते धरते आणि पायरी साबणासारखी होते. दुसरा सोबती म्हणजे पिंपळाचे रोप. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दरजेत पडते. रोप बोटभर असते तेव्हा गोजिरे दिसते. पण त्याचे मूळ आत जाडजूड होऊन दगडाला दगडापासून फोडते. वरून तोडून उपयोग नाही. लहान असतानाच मुळासकट काढले पाहिजे.

दोन वाईट दिवस

सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीचा डोंगर आहे. तिथे काळुबाईची मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेला लाखो लोक जमले होते. वाट अरुंद होती. नारळ फोडून फोडून पायऱ्यांवर पाणी झाले होते. पायऱ्या निसरड्या झाल्या. माणसे घसरून पडली. मागच्या गर्दीला पुढचे पडलेले दिसले नाहीत. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली. तीनशेच्या आसपास माणसे मेली. कारणे पुष्कळ होती. पण सुरुवात ओल्या पायरीवरून पाय घसरण्याने झाली.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. १४ ऑक्टोबर २०२० रोजी मुसळधार पाऊस कोसळत होता. पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटावरची भिंत पडली. तिच्या खाली सापडून सहा माणसे गेली.

घाटाच्या भिंतीबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. भिंतीमागची माती भिजली की जड होते आणि भिंतीला पुढे रेटते. म्हणून अशा भिंतीत पाणी बाहेर पडायला भोके ठेवतात. ती भोके कधी बुजू देऊ नयेत. भिंत पोट काढल्यासारखी पुढे आलेली दिसली, तिला आडवी भेग दिसली, तर तिच्या आडोशाला उभे राहू नये. पावसात भिजलेले बरे.

वर्षभराची कामे

पायऱ्या सांभाळायला फार पैसा लागत नाही. वेळच्या वेळी थोडे काम लागते. शेताची कामे जशी नक्षत्रावर, तशीच ही कामे.

मृगाच्या आधी. कडेचे गटार उपसावे. दरजा तपासाव्यात. जिथे चुना निघाला असेल तिथे भरून घ्यावा. पायरीवर उभे राहून दोन्ही पायांनी जरा हलून बघावे. डुगडुगली तर खडूने खूण करावी. एक घमेले चुना आज घातला, तर उद्या सगळा जिना उकलावा लागत नाही.

जुने काम चुन्यातले असेल तर दुरुस्तीही चुन्यातच करावी. जुन्या चुन्यावर सिमेंटचा कडक लेप दिला तर पाणी आत कोंडते आणि दगड सुटतो. जुने लोक चुना वाळूबरोबर घाणीत मळत. ते काम शेकडो वर्षे टिकले.

पावसाळ्यात. आठवड्यातून एकदा शेवाळ खराट्याने घासून काढावे. वर ब्लीचिंग पावडर टाकून धुतले की ते लवकर परत धरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर मात्र पावडर टाकू नये. तिथे नुसत्या वाळूने घासावे.

दिवाळीनंतर. आता जमीन वाळलेली असते. खूण केलेल्या पायऱ्या उचलून, खाली मुरूम आणि खडी ठोकून, पुन्हा बसवाव्यात. जी पायरी झिजून गुळगुळीत झाली असेल तिला पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी. जाते गुळगुळीत झाले की दळण भरड येते, म्हणून आपण त्याला टाकी लावतो. तसेच हे. खरबरीत झालेल्या दगडावर पाय धरतो.

बारा महिने. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारावा. कमी दिसणाऱ्याला पायरी कुठे संपते ते कळते. रात्री निदान वरच्या आणि खालच्या टोकाला दिवा असावा. पायऱ्यांवर वाळत घालू नये, दुकान मांडू नये, जनावर बांधू नये.

पायरी कोणाची?

आपल्या बोलीत एक शब्दप्रयोग आहे. “आपली पायरी ओळखून राहावं.” पूर्वी हे शब्द कोणाला ऐकवले जात, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना पायरी चढूच दिली जात नव्हती, त्यांना.

पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. तिच्यासमोर संत चोखोबांची समाधी आहे. चोखोबा आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की तिथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्यांनी गावासाठी भिंत बांधली, त्यांना देवळाची पायरी बंद होती. जिवंतपणी ते बाहेर, आणि समाधीही बाहेर. पुढे कितीतरी शतके लोटली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, आणि त्यानंतर ते मंदिर सर्वांना उघडले.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आपण मघाशी पाहिल्या. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी दलित सत्याग्रही त्या पायऱ्यांनी देवाला निघाले. देवळाचे दार बंद करण्यात आले. सत्याग्रहींवर दगड आले. मार खाऊनही त्यांनी सत्याग्रह पुढे चालवला.

त्याच्याही आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि पाणी प्याले. त्यांच्या मागून हजारो माणसे उतरली. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सगळ्यांचे होते. तरी त्यावर दहा वर्षे खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला. तळे सर्वांना मोकळे ठरले.

आणि त्याच १९३७ साली बाबासाहेब आपल्या वळसंगला आले होते. इथल्या दलित वस्तीची विहीर त्यांच्या हस्ते खुली झाली. ती विहीर गावाने आजही मानाने जपली आहे. बाहेरगावची माणसे ती बघायला येतात.

हे सगळे इथे का सांगितले? कारण सार्वजनिक हा शब्द फुकट मिळालेला नाही. एकेका पायरीसाठी माणसांनी मार खाल्ला आहे. ज्या पायरीसाठी लोक एवढे झगडले, ती आपण शेवाळाने आणि कचऱ्याने बुजू दिली, तर काय मिळवले? पायरी सर्वांना मोकळी हवी, तशीच ती सर्वांच्या पायाला धडही हवी. लंगड्याला चढता येत नाही, म्हातारीला उतरता येत नाही, तोवर ती पुरती सार्वजनिक झाली नाही. जिथे जमेल तिथे पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतरणही करावी.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाजवळ एका पायरीवर नाव कोरलेले आहे. हिरोजी इंदुलकर सेवेसाठी तत्पर आहे, असे ते अक्षर सांगते. हिरोजींनी शिवाजी महाराजांसाठी रायगड बांधला. आपले नाव कळसावर न कोरता पायरीवर कोरले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. पायरीची सेवा ही अशी असते.

मग करायचे काय?

थोडे काम आपल्या हाताने करावे. शेवाळ घासणे, गटार उपसणे, रोप उपटणे, याला कोणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी तरुण मुलांनी जुन्या बारवा अशाच साफ केल्या. गाळ काढला, झुडपे तोडली, आणि बुजलेल्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या.

पण मोठे काम पंचायतीचे, शहरात नगरपालिकेचे, देवळात देवस्थानचे. त्यासाठी आपण जो कर भरतो, जे दान देतो, ते त्यांच्याकडे असते. तोंडी सांगितलेले काम विसरले जाते. लिहून दिलेले विसरता येत नाही. आता आपल्याला लिहिता येते. मग हा अर्ज वहीत उतरवून घ्या. रिकाम्या जागा आपल्या गावाप्रमाणे भरा.

मा. सरपंच, ग्रामपंचायत .......... यांस,
विषय : .......... येथील पायऱ्या दुरुस्त करण्याबाबत.
महोदय,
.......... येथील पायऱ्यांपैकी ...... पायऱ्या डुगडुगत आहेत. ...... पायऱ्या निखळल्या आहेत. कडेचे गटार तुंबले आहे. या वाटेने रोज म्हातारी माणसे व शाळेची मुले जातात. पडून इजा होण्याची भीती आहे. तरी पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करावी, ही विनंती. सफाईच्या कामाला आम्ही स्वतः येऊ.
दिनांक ..........
सह्या ..........

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा. ग्रामसभेत तोच अर्ज उभे राहून मोठ्याने वाचा.

शेवटची ओळ नीट बघा. “आम्ही स्वतः येऊ.” ती लिहायची असेल तर मनापासून लिहा. आणि त्या दिवशी खराटा घेऊन खरोखरच जा.